पाव मैल, किलोभर हवा

माझ्या टेबलावर दोन चिठ्ठ्या आहेत. पहिलीवर १६.६१ सेकंद, दुसरीवर १६.८८. गाडी एकच, चालवणारा एकच, डोंगरावरची धावपट्टी एकच आणि दिवसही एकच. पहिली फेरी सकाळी पावणेआठची, दुसरी दुपारी एकची. मधल्या पाच तासांत गाडीचा एक नटही कोणी हलवला नव्हता. तरी सव्वा दशांश नाही, अर्धा दशांश नाही, तब्बल ०.२७ सेकंद कुठेतरी गेले होते.

चिठ्ठ्या आणल्या त्या आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने. ऐरोलीला नोकरी करतो, पगारातून हप्ते फेडत जुनी दीड लिटर इंजिनाची सेदान घेतलीय. त्या ०.२७ सेकंदांनी त्याची झोप उडवली होती. पेट्रोलात भेसळ असणार, एअर फिल्टर चोंदला असणार, क्लच सरकत असणार, अशी सगळी कारणं घेऊन तो रविवारी सकाळी माझ्याकडे आला.

“काका, दुपारी गाडी पळालीच नाही. दमल्यासारखी वाटली.”

“गाडी दमली नाही रे,” मी म्हटलं, “तिला खायला कमी मिळालं.”

या लेखात मी त्या ०.२७ सेकंदांचा हिशेब लावणार आहे. तो लावताना कल्याण-डोंबिवलीच्या हवेबद्दल जे कळलं, ते गाडीत रस नसलेल्यांनाही कळावं असं मला मनापासून वाटतं.

चिठ्ठीत काय असतं

ड्रॅग रेस ही मोटार शर्यतींतली सगळ्यात साधी शर्यत. वळण नाही, फेऱ्या नाहीत. सरळ पट्टीवर शेजारीशेजारी दोन गाड्या उभ्या राहतात, खांबावरचे दिवे पिवळ्यावरून हिरवे होतात आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, पळायचं. आपल्याकडे लोणावळ्यापुढे आंबी व्हॅलीच्या विमान धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ नावाने अशी शर्यत भरत आली आहे. देशी हॅचबॅकपासून परदेशी सुपरकारपर्यंत आणि मोटारसायकलींपासून सुपरबाइकपर्यंत सगळ्यांच्या वेळा तिथे एकाच यंत्रावर मोजल्या जातात.

चिठ्ठीवर एकच आकडा नसतो. गाडी जागची हलल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंतचा वेळ असतो, पहिल्या ६० फुटांचा, म्हणजे सुमारे १८ मीटरचा, वेळ वेगळा असतो, आणि शेवटच्या रेषेवरचा वेगही असतो. जाणकार आधी हे शेवटचे दोन आकडे वाचतात. ६० फुटांचा वेळ सांगतो की चालवणाऱ्याने क्लच कसा सोडला, टायरने डांबर कसं धरलं. शेवटचा वेग सांगतो की इंजिनाने किती ताकद दिली.

मुलाच्या चिठ्ठ्यांवर ६० फुटांचे वेळ होते २.४१ आणि २.४४. शेवटचे वेग होते ताशी १३२.६ आणि १३०.९ किलोमीटर. म्हणजे दुपारी सुटताना तो थोडासा चुकला होता, पण मोठी चोरी पुढे झाली होती. इंजिनाची ताकदच कमी पडली होती.

दहा बाय दहाची खोली

इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो. वजनाने पाहिलं तर ते हवेवर चालतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळपास १४.७ किलो हवा लागते. दीड लिटरचं इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर ते मिनिटाला साडेचार हजार लिटरपर्यंत हवा ओढतं. आपल्या चाळीतली दहा बाय दहाची खोली, तीही दहा फूट उंच, घ्या. ते इंजिन ती खोली सहा-साडेसहा मिनिटांत रिकामी करेल.

पाव मैलाच्या एका फेरीपुरता हिशेब केला, तर या गाडीच्या इंजिनात साधारण किलोभर हवा जाते आणि तिच्यासोबत एका कटिंगच्या ग्लासापेक्षा थोडं जास्त पेट्रोल. अख्खी शर्यत या किलोभर हवेवर उभी असते. पेट्रोल वाढवणं सोपं आहे, पंप आणि इंजेक्टर देतील तेवढं मिळतं. हवा मात्र सिलिंडरच्या मापाइतकीच आत येते. माप ठरलेलं, म्हणून त्या मापात हवा किती दाट भरली आहे यावर सगळं येऊन थांबतं. दूधवाल्याचं माप तेच असलं तरी वर फेस किती आहे ते घेणारा बघतोच, तसंच हे.

हवा विरळ करणाऱ्या गोष्टी तीन: उष्णता, उंची आणि दमटपणा. तापल्यावर हवा पसरते, म्हणून त्याच मापात कमी मावते. उंचावर डोक्यावरच्या हवेचा भार कमी होतो, दाब उतरतो, आणि पुन्हा कमी मावते. हे दोन आपल्याला शाळेत कळलेले असतात. तिसऱ्याबाबत आपली भाषाच आपल्याला चकवते.

‘हवा जड झालीय’

मे महिन्याची संध्याकाळ, डोंबिवली स्टेशनचा पूल, अंगाला चिकटलेला शर्ट. अशा वेळी आपण म्हणतो, “हवा अगदी जड झालीय.” खरं म्हणजे ती हलकी झालेली असते. हवेतले नायट्रोजन-ऑक्सिजनचे रेणू सरासरी २९ वजनाचे, तर पाण्याच्या वाफेचा रेणू १८ चा. हवेत वाफ शिरते तेव्हा ती जादा भर म्हणून बसत नाही, जड रेणूंना बाजूला सारून त्यांची जागा घेते. जड होतो तो आपला जीव, कारण घाम वाळत नाही.

इंजिनाचं नुकसान वजन घटण्यापेक्षा मोठं असतं. वाफेने अडवलेली जागा जाळण्याच्या कामाची नसते. पावसाळ्यापूर्वीच्या एखाद्या दिवशी तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर दमटपणामुळे हवेचं वजन सव्वा टक्क्याच्या आसपास घटतं, पण कामाची कोरडी हवा साडेतीन टक्क्यांनी घटते. कोकणपट्टीत राहणाऱ्याला हा कर वर्षातले निदान सहा-सात महिने भरावा लागतो. पुणेकराला आणि नाशिककराला तो बराच कमी पडतो, पण त्यांच्याकडून उंची तिचा वेगळा कर वसूल करते.

कार्बोरेटरच्या काळात हे मेकॅनिकच्या बोटांना माहीत होतं. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात, जिथे नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ ही मोटारही तयार झाली, आमच्या शेजारचे एक काका फिटर होते. उन्हाळ्यात हवा विरळ होते, पेट्रोल मात्र जवळपास तेवढंच येतं, मग मिश्रण घट्ट होतं, प्लग काळे पडतात आणि पिकअप मरतो. हे सगळं ते एका वाक्यात सांगत: “ऋतू बघून स्क्रू फिरवायचा.” त्यांच्याकडे एक चौकटीची वही होती. पेट्रोल कधी भरलं, किती किलोमीटर गेलो, याच्यापुढे ते एका शब्दात हवा लिहीत: ऊन, दमट, गार, पाऊस. इतकी वर्षं मला ती त्यांची सवय वाटत होती. ती मोजणीची शिस्त होती, हे या दोन चिठ्ठ्या समोर आल्यावर कळलं.

कल्याण जेव्हा माथेरानच्या वर जातं

आता आपल्या गावाचे आकडे मांडू. जानेवारीतली कल्याणची गार सकाळ घ्या: १५ अंश, आर्द्रता ७०, दाब १०१३ हेक्टोपास्कल. एका घनमीटरमध्ये कोरडी हवा भरते १.२१ किलो. मेमधली दुपार घ्या: ३८ अंश, आर्द्रता ५०, दाब १००६. कोरडी हवा उरते १.०९ किलो. म्हणजे इंजिनाच्या ताटातून दहा टक्के अन्न गेलं.

वैमानिकांकडे हे सांगायची एक चांगली रीत आहे. हवेची घनता मोजायची आणि विचारायचं, प्रमाण वातावरणात एवढी विरळ हवा किती उंचीवर मिळाली असती? तिला ते घनता-उंची म्हणतात. उन्हाळ्यात विमानाला उडायला जास्त धावपट्टी लागते ती याच कारणाने. या हिशेबाने जानेवारीची ती सकाळ कल्याणला जवळजवळ समुद्रसपाटीवरच ठेवते. मेची ती दुपार मात्र कल्याणला सुमारे १,००० मीटरवर नेऊन बसवते. माथेरान ८०० मीटरवर आहे. खाडीकाठचं आपलं शहर उन्हाळ्याच्या दुपारी इंजिनाच्या लेखी माथेरानच्याही वर असतं आणि वर चढल्याचा गारवा मात्र मिळत नाही.

ठाण्यात खाडी आणि समुद्राचा वारा दुपारी थोडा आधार देतो. जसजसं आत जावं, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, तसा तो वारा उशिरा आणि थकून पोचतो. कुलाब्याचं तापमान वाचून बदलापूरच्या गाडीचा अंदाज बांधता येत नाही, तो यामुळे.

दहा टक्के हवा गेली म्हणून ताकद दहा टक्क्यांनी उतरते असं मात्र नाही. अभियंते ताकद मोजताना २५ अंश तापमान आणि कोरड्या हवेचा ९९० हेक्टोपास्कल दाब ही प्रमाण स्थिती धरतात, आणि प्रत्यक्ष मोजलेला आकडा एका सूत्राने तिथे आणतात. त्या सूत्रात दाबाचा परिणाम सरळ येतो, तापमानाचा मात्र वर्गमुळाने, म्हणजे थोडा सौम्य. त्याप्रमाणे कल्याणची जानेवारी ते मे ही घसरण साडेसात टक्क्यांच्या आसपास येते. प्रमाण स्थितीत १२० अश्वशक्ती देणारं इंजिन त्या सकाळी १२४ देईल आणि त्या दुपारी ११५ च्या खाली उतरेल.

ताकदीवरून वेळ काढायची रीतही जुनी आहे. पाव मैलाचा वेळ हा वजन भागिले ताकद याच्या घनमुळाशी बांधलेला असतो. अमेरिकेतल्या शौकिनांनी हा संबंध चिठ्ठ्यांवरून हुडकला आणि पुढे १९७३ मध्ये भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात त्याची रीतसर मांडणी झाली. घनमूळ असल्यामुळे ताकद साडेसात टक्के पडली तर वेळ अडीच-पावणेतीन टक्केच वाढतो. चालवणाऱ्यासह १,२०० किलोची ही गाडी जानेवारीत १६.१५ सेकंद घेईल, मेमध्ये १६.६ च्या जवळ. फरक चार दशांश सेकंदांचा. ऐकायला किरकोळ, पण शेवटच्या रेषेवर तो पंधरा मीटर असतो, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या जवळजवळ चार गाड्या.

पट्ट्या कुठून आल्या

या खेळाचा आणि विमानतळांचा संबंध जन्मापासूनचा आहे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा जगभर धावपट्ट्या मोकळ्या पडल्या होत्या आणि घरी परतलेल्या तरुणांच्या हातात जुन्या मोटारी होत्या. दक्षिण कॅलिफोर्नियात सँटा अ‍ॅना इथे १९५० मध्ये विमानतळाच्या वापरात नसलेल्या पट्टीवर सी. जे. हार्ट यांनी नियमित शर्यती सुरू केल्या. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी तिथली राष्ट्रीय संघटना उभी केली. रस्त्यावर शर्यत लावणाऱ्या पोरांना सुरक्षित पट्टीवर आणणं हे तिचं पहिलं काम होतं. आपल्याकडे मद्रासजवळची शोलावरमची युद्धकालीन धावपट्टी अशीच मोटार शर्यतींचं माहेरघर झाली.

कल्याणलाही युद्धकाळातली धावपट्टी आहे. काटई-बदलापूर रस्त्याने नेवाळीला गेलात की मलंगगडाच्या पायथ्याच्या दिशेने ती पसरलेली आहे. ब्रिटिशांनी युद्धाच्या निकडीत आसपासच्या गावांची दीड हजार एकरांहून जास्त जमीन घेतली, युद्ध संपलं, आणि जमीन परत मिळावी ही शेतकऱ्यांची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली. नौदलाच्या कुंपणावरून २२ जून २०१७ रोजी तिथे आंदोलन पेटलं, गाड्या जळल्या, माणसं जखमी झाली. म्हणून ‘नेवाळीला ड्रॅग स्ट्रिप करा’ असं मी लिहिणार नाही. ज्या मातीचा हक्क अजून ठरायचा आहे, तिच्यावर शौकाची रेघ मारायची नसते. पण बंद, सरळ, अडवलेली पट्टी हवी, ही गरज खरी आहे, आणि ती का हे शेवटी सांगतो.

डोंगराची सकाळ, डोंगराची दुपार

मुलाच्या चिठ्ठ्यांकडे परत येऊ. त्याने मोबाइलवरच्या हवामान अ‍ॅपमधला दाब लिहून आणला होता: १०१४. मी विचारलं, “डोंगरावर १०१४ कसा असेल?” अ‍ॅपमधला दाब समुद्रसपाटीवर आणून दाखवलेला असतो, नाहीतर लोणावळ्यात कायम वादळ आल्यासारखं वाटेल. ६५० मीटरवर खरा दाब ९४० च्या आसपास असतो. पुष्कळ फोनमध्ये दाबमापक बसवलेला असतो, तो थेट खरा आकडा देतो. हिशेब चुकण्याची ही सगळ्यात नेहमीची जागा.

सकाळी तिथे १५ अंश होते, कोरडी हवा घनमीटरला १.१२ किलो. दुपारी २८ अंश, आणि हवा १.०७. उंचीमुळे तो घरून निघतानाच सात-आठ टक्के दाब गमावून बसला होता. वर पाच तासांच्या उन्हाने आणखी घास काढून घेतला. सूत्रात आकडे घातल्यावर सकाळ-दुपारचा ताकदीचा फरक तीन टक्के आला, आणि वेळेचा ०.१६ ते ०.१७ सेकंद.

राहिले ०.१०. त्यातले निम्मे ६० फुटांत गेले. सुरुवातीला गमावलेले तीन शतांश शेवटपर्यंत पाच होतात. उरलेले निम्मे बॉनेटखाली होते. रांगेत तास-दीड तास इंजिन सुरू ठेवून सरकत राहिलं की हवा घेणारा पाइप, मॅनिफोल्ड, सगळं तापतं. बाहेर २८ अंश असले तरी सिलिंडरच्या तोंडाशी पोचणारी हवा त्याच्या कितीतरी वर असते. हे ज्याला बघायचं असेल त्याने गाडीला स्कॅनर जोडून शीळफाट्याच्या कोंडीत इनटेकचं तापमान पाहावं. गाडी थांबली की आकडा चढायला लागतो, मोकळा रस्ता मिळाला की उतरतो.

वाऱ्यालाही यात जागा आहे. ताशी १३० च्या वेगात समोरून १५ किलोमीटरचा वारा आला तर हवेचा अडसर जवळपास पाव पटीने वाढतो. आणि दाट हवा नेहमी फायद्याचीच असते असंही नाही. ती इंजिनाला जास्त देते, पण गाडीसमोर जास्त उभीही राहते. पहाटेचं गार डांबर टायरला नीट धरत नाही, म्हणून सगळ्यात दाट हवेच्या वेळी सुटका फसते. चांगला चालवणारा या सगळ्यांच्या मधली वेळ शोधतो.

टर्बो गाड्यांना हे लागू नाही असा समज आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. टर्बो विरळ हवा दाबून भरतो, त्यामुळे उंचीचा फटका पुष्कळसा झाकला जातो. पण हवा दाबली की तापते. मेच्या दुपारी इंटरकूलरला थंड करायला बाहेरची हवाच ३८ अंशांची मिळते. मग इंजिन खडखडू नये म्हणून संगणक ठिणगी उशिरा टाकतो, दाब कमी करतो, आणि ताकद जाते. विजेच्या मोटारीला हवा खायचीच नसते. तिला विरळ हवेत समोरचा अडसर तेवढा कमी होतो. तिची चिंता बॅटरीच्या तापमानाची.

अमेरिकेत डेन्व्हरजवळ १,७०० मीटरहून उंच असलेली बँडिमेर ही पट्टी २०२३ पर्यंत चालू होती. तिथे धावलेल्या गाड्यांच्या वेळा समुद्रसपाटीच्या मापात आणायला संघटनेने गुणक ठरवून दिले होते. उंचावर हळू धावला म्हणून कोणी कमी ठरू नये, एवढाच त्यामागचा विचार. आपल्याकडेही बंगळूरु ९०० मीटरवर, चेन्नई समुद्राला लागून, आंबी डोंगरावर. तिन्हीकडच्या वेळा एका यादीत खालीवर लावणं हा चालवणाऱ्यांवर अन्याय आहे.

दाट हवेचा मोह

हिशेब ऐकून मुलगा गप्प झाला. मग त्याने तो प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती.

“काका, म्हणजे इथली हवा डोंगरापेक्षा दाट. जानेवारीत रात्री दोन-तीनला काटई रोड रिकामा असतो. तिथे एकदा पळवली तर खरा टाइम कळेल ना?”

त्याचं शास्त्र बरोबर होतं, म्हणूनच ते धोक्याचं होतं. मी त्याला दुसरं गणित दिलं. ताशी १३३ वरून पूर्ण ब्रेक लावला, टायर चांगले असले, तरी गाडी थांबायला शंभर मीटर लागतात, आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंत आणखी पस्तीस-चाळीस मीटर गेलेले असतात. पट्टीवर शेवटच्या रेषेपुढे याच्या कितीतरी पट मोकळी जागा असते, रुग्णवाहिका उभी असते, दोन्ही बाजू बंद असतात. काटई रस्त्यावर रात्री तीनला दुधाचा टेम्पो असतो, पाळी संपवून सायकलवरून घरी निघालेला कामगार असतो, डिव्हायडरच्या फटीतून येणारी गाय असते. मोटार वाहन कायद्याचं १८९ वं कलम अशा शर्यतीला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं. पण मला कायद्यापेक्षा त्या सायकलवाल्याची काळजी आहे.

आणि मुख्य म्हणजे, जायची गरजच नाही. हवा मोजता येते, म्हणून तिच्या मागे रस्त्यावर धावावं लागत नाही. डोंगरावरची चिठ्ठी, तिथलं तापमान, आर्द्रता आणि खरा दाब हाताशी असेल, तर गाडीचा प्रमाण हवेतला वेळ घरी टेबलावर काढता येतो. तो कुठल्याही रात्रीच्या रस्त्यावरच्या मोबाइलच्या स्टॉपवॉचपेक्षा खरा असतो. ठाणे जिल्ह्यात, निदान हिवाळ्यातल्या चार-सहा रविवारी, परवानगीची आणि बंदोबस्ताची पट्टी मिळाली, तर या पोरांकडे अशा चिठ्ठ्या असतील. ज्याच्या हातात चिठ्ठी आहे त्याला रस्त्यावर काही सिद्ध करायचं उरत नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी सँटा अ‍ॅनाच्या रिकाम्या पट्टीवर हेच कळलं होतं.

आम्ही दोघांनी मिळून आकडे बसवले. सकाळचे १६.६१ प्रमाण हवेत आले १६.३०. दुपारचे १६.८८ आले १६.४०. त्याने दोन्ही चिठ्ठ्या उलट्या केल्या आणि बॉलपेनने मागे लिहिलं. एकीवर: ७:४५, १५ अंश, गार. दुसरीवर: १:००, २८ अंश, ऊन. प्रीमियरवाल्या काकांची ती वही त्याने कधी पाहिलेली नाही.

“म्हणजे एकच दशांश राहिला,” तो म्हणाला.

“तो हवेचा नाही,” मी म्हटलं. “तेवढा तुझ्या पायाचा आणि तापलेल्या इंजिनाचा. पुढच्या वेळी रांगेत बॉनेट उघडं ठेव, आणि क्लच जरा सावकाश सोड.”